कोतवालाच्या दारातली अर्धी भाकरी

एका राज्यात माणसे दोन प्रकारची असतात असे मानले जाई. तटाच्या आत राहणारी गोरी, ती माणसे. आणि तटाबाहेर डोंगरात राहणारी काळी, ती जवळजवळ माणसे. हे कोणी ठरवले असे विचारले, तर नगरातले लोक म्हणत, ठरवायचे काय त्यात, दिसतेच की डोळ्यांना. आणि खरोखरच त्यांच्या डोळ्यांना तसे दिसत असे.

त्या राज्यावर शुभ्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता आणि त्याच्या पदरी अंजनभट नावाचा मांत्रिक होता. हा मांत्रिक राजाच्या आजोबांच्या काळी आला, वडिलांच्या काळी म्हातारा झाला, आणि मग म्हातारा व्हायचाच थांबला. त्याने राजघराण्याला दोन वस्तू दिल्या होत्या. एक तळघरातला रांजण, जो रोज सकाळी आपोआप सोन्याने भरे. दुसरे, चांदीच्या डबीतले अंजन. नगरात मूल जन्मले की बारशाच्या दिवशी राजवाड्यातून डबी येई आणि बाळाच्या डोळ्यांत ते अंजन घातले जाई. बाळाला दृष्ट लागत नाही, असे आया म्हणत आणि डबी आणणाऱ्याच्या हातावर साखर ठेवत.

त्या अंजनाचा गुण असा, की काळ्या माणसाकडे पाहिले की तिथे तोंड न दिसता जनावराचा जबडा दिसे. सुळे, आयाळ, लाल डोळे. पाहणाऱ्याची बोबडी वळे. आणि नगर जितके भिई तितका रांजण भरे. हे राजालाही ठाऊक नव्हते. रांजण भरला म्हणजे झाले, तो कशाने भरतो हे विचारणारे राजे मी फार पाहिलेले नाहीत.

असे असूनही डोंगरातल्या लोकांवाचून नगराचे पान हलत नसे. लाकूड, दूध, मध, घर बांधायचा दगड, सगळे डोंगरातून येई. म्हणून नियम केला होता, की डोंगरातल्या माणसाने वेशीबाहेरच्या कुंडावर थांबावे, तोंडाला पांढऱ्या शाडूचा जाड लेप द्यावा आणि मगच आत पाऊल टाकावे. लेप दिलेल्या तोंडात ना जबडा दिसे ना माणूस. नगराला तेवढे चाले. पण बोलले की शाडूला तडे जात. हसले की जात, रडले तरी जात. तडा दिसला की कोतवालाचा चाबूक पडे. त्यामुळे डोंगरातली माणसे पिढ्यान्पिढ्या नगरात मुक्याने वावरली, आणि नगरातले पंडित मोठ्या विद्वत्तेने सांगू लागले की या लोकांना भाषाच नाही.

त्या डोंगरात सगुणा नावाची एक बाई राहत होती. रक्ताचे असे तिला एकच माणूस होते, धाकटा भाऊ रायबा. आईबापामागे तिनेच त्याला वाढवला. रायबा कड्यांवरचे मध उतरवी, आणि बडबडीत त्याचा हात धरणारा साऱ्या डोंगरात कोणी नव्हता. तो कड्याला लोंबकळत असतानाही खाली उभ्या असलेल्या माणसांना गोष्टी सांगे. सगुणा म्हणे, एखादे दिवशी माशीच तोंडात जायची. मनातून मात्र तिला त्या बडबडीशिवाय करमत नसे.

एके दिवशी रायबा मधाचा घडा घेऊन नगरात गेला असता भर बाजारात त्याला शिंक आली. शिंकेला कोण अडवणार? शाडू खळकन गळून पडला, पळापळ झाली, आणि कोतवाल रणधवल चाबूक घेऊन धावत आला. रायबाने दोन फटके सोसले. तिसऱ्याला त्याने चाबूक हिसकावला आणि कोतवालावरच उगारला. अंजनभट गच्चीतून पाहत होता. त्याने बोट उचलले आणि रायबाचा डोमकावळा झाला. मग त्याला पिंजऱ्यात घालून पिंजरा वेशीच्या कमानीला टांगला, येणाऱ्याजाणाऱ्याला धाक राहावा म्हणून.

डोंगर खवळला. तरणी पोरे कुऱ्हाडी घेऊन उतरली, त्यांनी वेशीचे दार जाळले आणि पहारेकऱ्यांना ठार केले. त्या दिवशी नगराने खिडकीतून काय पाहिले? धुरातून धावत येणारी सुळेवाली जनावरे. ज्यांच्या मनात पूर्वी थोडी शंका होती तीही फिटली. रांजण ओसंडून वाहिला. अंजनभटाने सगळ्या पोरांचे कावळे केले, हात धुतले आणि तो जेवायला बसला.

सगुणेला कामासाठी त्याच वेशीतून जावे लागे. तोंडाला शाडू लावून बहीण खाली उभी राही आणि वरून भाऊ बोले. कावळा बोलत होता आणि बाई मुकी होती.

"आक्का, माझे शब्द चाललेत," तो एकदा म्हणाला. "काल आपल्या ओढ्याचं नाव गेलं. आज सकाळपासून मध ज्यात भरतो ते आठवत नाही. शेवटचा शब्द गेला की मी नुसता कावळा. मांत्रिकच पहारेकऱ्याला सांगत होता."

सगुणेला तोंड हलवायची सोय नव्हती.

"आणखी ऐक. माझ्यासमोर तो काहीही बोलतो, कावळ्याची भीड कोण धरतो? यांच्या डोळ्यांत अंजन आहे. आपण त्यांना जनावरं दिसतो, आणि त्या भीतीवर राजाचा रांजण भरतो. आपण मारलं की अंजन घट्ट बसतं. पाण्यानं जात नाही, तेलानं जात नाही. ज्याचे डोळे त्याच्याच आसवांनी जातं. म्हणून तर दर सणाला डबी पुन्हा घरोघर फिरते. आणि ज्या दिवशी राजाच्या डोळ्यांतलं जाईल, त्या दिवशी आम्ही सगळे कावळे माणसं होऊ."

एवढे बोलून त्याने मान वाकडी केली. "मी काय सांगत होतो, आक्का?"

सगुणा तशीच माघारी फिरली. कुंडावर येऊन तिने तोंड धुतले आणि मग ती मोठ्याने रडली.

आता डोंगरातल्या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे. त्यांच्यात कोणी कोणावर अन्याय केला, तर ज्याच्यावर झाला तो आपल्या घरची भाकरी घेऊन करणाऱ्याच्या दारात जाऊन बसे. भाकरीचे दोन भाग करी. एक उंबऱ्यावर ठेवी, एक आपल्या पदरात. दारातली अर्धी त्याने खाल्ल्याशिवाय आपली खायची नाही. पाणी चाले, गुळाचा खडा चाले. बसणाऱ्याने शिवी द्यायची नाही, हात उचलायचा नाही, खोटे बोलायचे नाही. यातले एक जरी केले तरी त्याची बाजू बुडाली. बसणारा थकला तर त्याच्या जागी नात्यातले दुसरे माणूस बसे. आणि समोरच्याने दारातली अर्धी खाल्ली, तर त्याने चूक कबूल केली असा अर्थ होई, आणि मोडले असेल ते भरून देणे त्याला भाग पडे. या रीतीला अर्धी ठेवणे म्हणत. अर्धी ठेवलेल्या दारातून रोज ये-जा करणे भल्याभल्यांना जमत नसे.

पंचायत बसली तेव्हा सगुणा म्हणाली, "आपण नगराच्या दारात अर्धी ठेवू."

हिरोजी नावाचा म्हातारा उठला. त्याचे दोन्ही नातू कावळे झाले होते. "अर्धी भावकीत ठेवतात, पोरी. जो आपल्याला माणूस म्हणत नाही त्याच्या दारात कोणी ठेवतं का? वाघाच्या गुहेपुढे ठेवशील उद्या."

"वाघाच्या डोळ्यांत कोणी अंजन घातलेलं नाही, काका. यांच्या घातलंय."

"म्हणून त्यांना भावकीत घ्यायचं?"

"घ्यायचं. त्यांनी आपल्याला घेतलं नाही, तेच शहाणपण आपणही करायचं का?"

"आणि ते मारतील ते?"

"मारतील," सगुणा म्हणाली. "नाही मारणार असं मी सांगत नाही. कुऱ्हाडी नेल्या तेव्हाही बुडालो आपणच, आणि रांजण भरला त्यांचा."

हिरोजीला हे पटले नव्हते, आणि ते त्याने लपवलेही नाही. पण नातवांसाठी दुसरी वाट त्यालाही दिसत नव्हती.

मग डोंगरात सराव सुरू झाला. एकाने बसायचे, दुसऱ्याने त्याला मारायचे, आणि बसणाऱ्याने हात मांडीवरून हलू द्यायचा नाही. ऐकायला सोपे आहे, करून पाहा. हात आपोआप वर येतो. शेजाऱ्यांची जुनी भांडणे या निमित्ताने वर आली आणि काहींनी जरा जोरातच मारले. ज्यांचे हात वर येत राहिले त्यांना सगुणेने घरी ठेवले, आणि त्यात काही लाज नाही असेही सांगितले.

ठरल्या सकाळी ते सगळे कुंडावर आले, पण शाडूला कोणी शिवले नाही. उलट तोंडे स्वच्छ धुतली, बायकांनी कुंकू लावले, आणि भाकऱ्या घेऊन उघड्या तोंडांनी ते वेशीतून आत गेले. एकेकजण एकेका दाराशी बसला. भाकऱ्या मोडल्या. सगुणा कोतवालाच्या दाराशी बसली, कारण तिचे भांडण त्याच्याशी होते.

नगरात हलकल्लोळ झाला. दारे लागली, अडसर पडले. आणि उंबऱ्यावर काय ठेवले आहे हे फटीतून पाहिल्यावर तर लोकांची गाळणच उडाली. नाचणीची काळी, अर्धी मोडलेली भाकरी! त्यांना तो उतारा वाटला. करणी केली, करणी केली, म्हणून त्यांनी वरून मीठमिरच्या फेकल्या, लिंबे कापून टाकली. डोंगरातल्या लोकांना वाटले, हा इकडचा काही पाहुणचार असावा. एका म्हातारीने लिंबू उचलून पाण्यात पिळले आणि ती ते प्यायली.

अंजनभट राजापुढे आला. "महाराज, चिंता नसावी. माझ्याकडे तीन उपाय आहेत."

"पहिला कोणता?"

"चाबूक."

कोतवाल रणधवल आपल्याच दारातून निघाला. निघताना त्याला ती अर्धी भाकरी ओलांडावी लागली. त्याने सगुणेवर पहिला चाबूक ओढला. तो तिच्या गालावर बसला आणि रक्त आले. हात मांडीवरून हलला नाही. त्याने गल्लीगल्लीत मारले, त्याच्या शिपायांनी मारले. माणसे आडवी झाली. त्यांना नातलगांनी उचलून नेले आणि त्यांच्या जागी दुसरी येऊन बसली. हिरोजीच्या हाताचे हाड मोडले, तरी तो दुसऱ्या दिवशी झोळीत हात बांधून हजर होता. दोन माणसे त्या मारात मेली. हे मी झाकून ठेवणार नाही, कारण डोंगरातल्या लोकांनीही ते झाकले नाही. त्यांनी मेलेल्यांच्या जागी त्यांची भावंडे बसवली.

पण एक गोष्ट अंजनभटाच्या हिशेबात नव्हती. शाडू नसल्यामुळे आता हे लोक बोलत होते. दाराच्या आड लपलेली माणसे दिवसभर ऐकत होती. बाहेर कोणी कोणाला म्हणत होते, पदर घे गं डोक्यावर, ऊन लागेल. कोणी गुडघे धरल्याची तक्रार करीत होते. कोणी शेजारणीला सांगत होती की आंबील कशी बिघडते आणि ती कशी सावरायची. अंजन डोळ्यांत होते, कानांत नव्हते. एक व्यापारी आपल्या बायकोला हळूच म्हणाला, "जनावरांना गुडघेदुखी असते का गं?" बायको म्हणाली, गप्प बसा. पण तीही दाराला कान लावूनच बसली होती.

एका सकाळी रांजण थोडा उणा निघाला.

"दुसरा उपाय?" राजाने विचारले.

अंजनभट एक डबा घेऊन बाजारात उभा राहिला. "डोंगरच्या लोकहो, या लेपाने कातडी कायमची गोरी होते. लावा, नगरात घर घ्या, तुमची मुलेबाळेही गोरीच जन्मतील. भांडण कशाला?"

सगुणेने उत्तर दिले. "आमचं तोंड बिघडलेलं नाही, भटजी. ज्यांचे डोळे बिघडलेत त्यांना काही औषध असेल तर द्या."

लोक हसले. सगळ्यांनी तो लेप नाकारला असे सांगायला मला आवडले असते. तसे झाले नाही. दोन कुटुंबे उठली. रोजच्या माराने ती थकली होती, आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. त्यांनी लेप लावला, ती गोरी झाली, त्यांना घरे मिळाली. मग नगरवासी म्हणून त्यांच्याही डोळ्यांत अंजन घातले गेले. त्यातली भागा नावाची मुलगी नव्या घराच्या खिडकीत आली तर समोरच्या दाराशी एक जनावर बसले होते. ती किंचाळली. जनावर तिच्या आईच्या आवाजात म्हणाले, "भिऊ नको बाळ. जेवलीस का?"

बाप लेप लावून उठला होता, आई दाराशीच बसून राहिली होती. भागा खिडकीतच बसून रडली. अर्धी ठेवल्यापासून सबंध नगरात पहिले धुतले गेलेले डोळे ते तिचे. ती खाली उतरली आणि आपल्या गोऱ्या कातडीनिशी आईशेजारी येऊन बसली. नगराने हे पाहिले, आणि त्याला याचा अर्थ लावता येईना.

आता अंजनभटाने तिसरा उपाय काढला. तो स्वतः वेशीवर गेला, पिंजरा उतरवला आणि कोतवालाच्या दाराशी आणून ठेवला. कोतवाल चाबूक घेऊन बाजूला उभा होता.

"सगुणा," अंजनभट म्हणाला, "याच्याकडे आता एकच शब्द उरला आहे. तू ऊठ आणि डोंगरात जा. तू उठलीस की हे सगळे उठतील. मी याला या क्षणी माणूस करतो."

कावळ्याने तिच्याकडे पाहिले. "आक्का," तो म्हणाला.

सगुणा उठली. हो, उठली. तिने पदरातली भाकरी खाली ठेवली आणि पिंजऱ्याकडे दोन्ही हात पसरले. मग तिची नजर गल्लीवरून फिरली. झोळीत हात बांधलेला हिरोजी होता. ज्यांची पोरे कावळे झाली त्या आया होत्या. त्यांतल्या एकीनेही तिला बस म्हटले नाही. हिरोजी तर म्हणाला, "जा पोरी. आम्ही तुला दोष देणार नाही."

ते ऐकले आणि तिला जाता येईना. ती खाली बसली.

"रायबा," ती म्हणाली, "मी येत नाही रे. मला माफ कर."

"आक्का," कावळा म्हणाला.

अंजनभटाने खांदे उडवले आणि पिंजऱ्यावरून हात फिरवला. कावळ्याने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "काव," तो म्हणाला, आणि पिंजऱ्यातल्या दाण्यांकडे वळला.

सगुणा रडली. आवाज न करता, हात मांडीवर ठेवून, मार खाताना बसत असे तशीच बसून.

कोतवाल रणधवल हे पाहत होता. त्याने पुष्कळ शिकार केली होती. घायाळ जनावर कसे ओरडते, कसे अंगावर येते, हे त्याला माहीत होते. हे जनावर तसे करीत नव्हते. त्याच्या सुळ्यांवरून पाणी ओघळत होते आणि ते पिंजऱ्याकडे पाहत होते. कोतवालाला आपली थोरली बहीण आठवली. सासरी निघताना तीही अशीच रडली होती, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. का आठवली ते त्याला कळले नाही. त्याच्या डोळ्यांना झोंबले, त्याने मनगटाने पुसले, आणि मनगटाला काळा डाग लागला.

समोर एक बाई होती. चाळिशीकडे झुकलेली, कपाळावर गोंदण, उपासाने डोळे खोल गेलेले. गालावर चाबकाचा लाल वण होता. तो चाबूक कोणाचा, हे त्याला कोणाला विचारावे लागले नाही.

त्याने विचारले, "बाई, आपण कोण?"

"ज्याला तुम्ही शिंकल्याबद्दल मारलंत, त्याची बहीण."

"आणि हे माझ्या दारात काय ठेवलं आहे? करणी?"

"भाकरी."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. कधीची वाळलीये."

ही रीत काय आहे ते तिने त्याला थोडक्यात सांगितले. खाल्ली तर काय कबूल करावे लागेल, तेही सांगितले. कोतवालाने चाबूक खाली ठेवला. तो आपल्याच उंबऱ्यावर बसला, भाकरी पाण्यात भिजवली आणि खाऊ लागला. आता हा मरणार, म्हणून सगळी गल्ली खिडक्यांतून डोळे फाडून पाहत होती. त्याला फक्त उचकी लागली. सगुणेने तांब्या पुढे केला आणि मग पदरातली आपली अर्धी खाल्ली.

त्यानंतर दारे उघडू लागली. एकदम नाही. व्यापाऱ्याची बायको आधी आली, मग व्यापारी. कोणाला रडू मार खाणाऱ्यांकडे पाहून आले, कोणाला आपण काय करीत होतो हे आठवून, आणि कोणाला शेजारी रडतो म्हणून. अंजनभटाने राजाकडून चाबकाचा नवा हुकूम काढला; पण ज्या शिपायांना तो दिला ते कोतवालाकडे पाहत उभे राहिले, आणि कोतवाल हिरोजीच्या हाताला फळ्या बांधत होता. काही डोळे कोरडेच राहिले. तेही खरेच आहे.

इकडे रांजण रोज उतरत होता. एके सकाळी राजा शुभ्रसेन तळघरात गेला, तर तळाशी मूठभर पांढरा शाडू होता, आणखी काही नाही. राजाने रांजणात डोके घातले आणि तो ढसाढसा रडला. डोंगरातल्या लोकांसाठी नव्हे, सोन्यासाठी रडला. पण आसवे कशाची आहेत हे अंजन विचारत नाही. ते धुतले गेले.

राजा तसाच लाल डोळ्यांनी बाहेर आला आणि त्याला राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसलेली माणसे दिसली. जबडे नाहीत, सुळे नाहीत. एक म्हातारी, एक लेकुरवाळी बाई, डोके फुटलेला एक माणूस. राजाने मागे वळून अंजनभटाला विचारले, "तुम्हाला हे कोण दिसतात?"

"माणसे," अंजनभट म्हणाला. "मला आधीपासून माणसेच दिसत होती, महाराज. ते अंजन मी माझ्या डोळ्यांत कधी घातलेच नाही."

राजा फार शहाणा नव्हता, पण एवढे त्याला कळले. त्याने त्याच पायरीवर बसून दारातली अर्धी भाकरी खाल्ली. शाडूचा नियम मोडला, अंजनाची डबी कुंडात रिकामी करवली, आणि वेशीचे जळलेले दार पुन्हा बसवू नये असा हुकूम दिला. त्याच घडीला नगरावरून कावळ्यांचा थवा उतरला आणि जमिनीला पाय टेकताच एकेक तरणा पोरगा झाला. आयांनी आपापली पोरे पोटाशी धरली.

त्या पोरांनी अंजनभटाला तटावरून लोटायचे म्हटले. सगुणेने अडवले, आणि ती काही बोलण्याआधी हिरोजीच उठला. त्याने एका हाताने भाकरी मोडली आणि तो मांत्रिकाच्या दाराशी जाऊन बसला. "याच्या डोळ्यांना काहीच झालेलं नाही," तो म्हणाला. "हा उशिरा यायचा." ते दार अजून उघडलेले नाही. हिरोजीच्या जागी आता त्याचे नातू पाळीपाळीने बसतात.

रायबाही माणूस झाला. उंच, काळा, देखणा, पूर्वी होता तसाच. पण त्याचे शब्द परत आले नाहीत. तो सगुणेकडे पाही आणि हसे, ती कोण हे त्याला ठाऊक नसे. ज्या घरात दिवसभर बडबड चाले त्या घरात चूल तेवढी बोलू लागली. सगुणेने सगळ्या राज्याला माणसे मिळवून दिली होती आणि तिचा भाऊ तिला हाक मारू शकत नव्हता.

रीतीप्रमाणे कोतवाल तिच्या दाराशी आला. "मी अर्धी खाल्ली आहे. मोडलं ते भरून देणं मला लागतं. सांगा."

"माझ्या भावाचे शब्द मोडलेत."

"ते मी कोठून आणू?"

"तुमच्याकडे आहेत की. त्यातले द्या."

तेव्हापासून कोतवाल रणधवल रोज डोंगर चढून येऊ लागला. पहिल्या दिवसांत त्याला धाप लागे. तो रायबाशेजारी बसे आणि एकेक वस्तू दाखवून तिचे नाव सांगे. चूल. घडा. पाणी. ओढा. चुकले तर पुन्हा सांगे. मुलखाचा तापट माणूस, पण इथे आवाज चढवीत नसे. हळूहळू रायबा दोनतीन शब्दांची वाक्ये बोलू लागला आणि हे काय, ते कशाचे, असे विचारून कोतवालाला भंडावून सोडू लागला.

एका सकाळी सगुणा भाजी निवडत होती. रायबाने तिच्या गालावर बोट ठेवले. "हे काय?"

सगुणा उत्तर देऊ शकली असती. तिने दिले नाही. ती भाजी निवडत राहिली.

"वण," कोतवाल म्हणाला.

"कशाचा?"

"चाबकाचा."

"चाबूक कोणाचा?"

"माझा."

रायबाने तो नवा शब्द दोनदा म्हणून पाहिला. वण. वण. मग त्याने विचारले, "दुखतो?"

कोतवाल इतके दिवस इथे येत होता, पण हे त्याने कधी विचारले नव्हते. तो सगुणेकडे वळला.

"दुखतो का हो?"

"दुखतो," सगुणा म्हणाली. "थंडीत जास्त."

राजा रांजणात डोके घालून रडला त्या दिवशी शाप फिटला, असे त्या राज्यात सांगतात आणि त्या दिवसाचा सण करतात. ऐकणाऱ्यांनी खुशाल सण करावा. मी मात्र तो या सकाळी फिटला असे धरतो.